हे कोणाशी बोलतं?

युन आमच्याकडे साडेतीन महिने राहिली, आमच्या ताटात जेवली, आमच्या गच्चीवर तिनं आपला सगळा पसारा मांडला, आणि तरी ती नेमकं काय काम करत होती हे मला आजही कुणाला धड सांगता येत नाही. गावात अजून कुणी ना कुणी विचारतं. परवाच दूध डेअरीवर एकीनं विचारलं, "काकी, ती चीननी बाई काय करे व?" चित्रं काढायची म्हणावं तर एकही चित्र काढलेलं मी पाहिलं नाही. यंत्रं दुरुस्त करायची म्हणावं तर चांगली चालती यंत्रं खोलायची. कलाकार आहे, असं माझ्या मुलीनं फोनवर सांगितलं होतं. कलाकार म्हणजे गाणारी, नाचणारी, निदान रांगोळी काढणारी, एवढंच मला माहीत. मी सातवी शिकले. पुढचं सगळं वाचनालयातली पुस्तकं घरी आणून शिकले. पण या बाईबद्दल कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. लिहिता लिहिता कळलं तर कळलं.

माझी धाकटी मुलगी बडोद्याला असते. तिथं एका कलेच्या संस्थेत परदेशी कलाकार येऊन राहतात, काम करतात. मुलीची तिथं ओळख. त्यातून एक दिवस तिचा फोन, "आई, एक चिनी बाई आहे, तिला शेतावरची यंत्रं बघायचीत. वरची खोली रिकामीच आहे ना?" मी म्हटलं, शेतावर यंत्रं बघायला चीनमधून कशाला यायचं, तिकडूनच तर सगळी येतात. मुलगी म्हणाली, "अगं, तेच तर तिला बघायचंय. इकडं येऊन त्यांचं काय होतं ते."

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला आठ दिवस होते तेव्हा ती आली. आमचं गाव तिथून जवळच, तापीकाठी. चाळिशी ओलांडलेली, केस पुरुषासारखे बारीक कापलेले, अंगात राखाडी रंगाचा लांब कोट. त्या कोटाला खिसे किती, ते मी एकदा धुवायला घेतला तेव्हा मोजले. अकरा. एकात पेचकस, एकात लोहचुंबक, एकात चिकटपट्टी, एकात केळीचं वाळलेलं साल. ते साल मी फेकायला निघाले तर माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि परत त्याच खिशात ठेवलं. आमच्या घरच्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "पाहुनी शे का वायरमन शे?"

ती थोडी हिंदी जाणायची, इंग्रजी बरी. पण माझ्याशी बोलायची ती फोनमधून. चिनीत काहीतरी फोनला सांगायची आणि फोन मराठीत बोलायचा, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात. पहिल्या दिवशी मी तिसरी भाकरी वाढायला गेले तर फोन म्हणाला, "कृपया मला आणखी भाकरी देऊ नये. मी पूर्णतः तृप्त झाले आहे." माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. एवढं शुद्ध तर आमचे मास्तरही बोलत नसत. मी वाकून फोनलाच म्हटलं, "बरं बाई, नाही वाढत." युन हसली. तिला बहुधा फोननं काय सांगितलं ते कळलं नाही, मी फोनशी बोलले याचं तिला हसू आलं असेल. नंतर ती मला काकी म्हणायला लागली. तेवढा एक शब्द ती स्वतःच्या तोंडानं म्हणायची.

तिची खोड एकच, पण ती सगळा दिवस पुरायची. कुठलंही यंत्र दिसलं की त्याच्यासमोर उकिडवी बसायची. अर्धा तास, तास. आधी त्याच्यावर तळहात ठेवायची, बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा. मग डोळे मिटून ऐकायची. आणि मग फोनमधून एकच प्रश्न विचारायची, "हे कोणाशी बोलतं?"

पिठाच्या गिरणीत विचारलं. गिरणीवाला म्हणाला, "हाई बोलत नही, पीठ दयस." डेअरीत दुधाचं फॅट मोजायचं यंत्र आहे, ते आकडा दाखवून टीं करतं. तिथं विचारलं. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, तिच्यामागं दोन गल्ल्या चालत गेली आणि ड्रायव्हरला विचारलं. तो बिचारा घाबरून म्हणाला, "मन्हा काही गुन्हा शे का?" मी मधे पडून सांगितलं, काही नाही, पाहुणी आहे, तिला कळत नाही. खरं तर मलाही कळत नव्हतं. गाडी कोणाशी बोलते म्हणजे काय? सगळ्यांशी बोलते. कचरा आणा म्हणते. मी तसं सांगितलं तर तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं, अगदी मोलाचं काही सांगितल्यासारखं. मला उगाच बरं वाटलं आणि उगाच शंकाही आली, की ही आपली गंमत तर करत नाही ना.

गावात तिचं जमलं ते फक्त सलीमचाचांशी. सलीमचाचा मोटारी बांधतात, म्हणजे जळालेल्या मोटारीची तांब्याची तार काढून नवी गुंडाळतात. त्यांच्या वडिलांपासून हेच काम. युन रोज दुपारी त्यांच्या दुकानात जाऊन बसायची. ते तार गुंडाळायचे, ती बघायची. दोघांत एक शब्द नाही. मी एकदा डबा घेऊन गेले तर चाचा म्हणाले, "काकी, हाई बाई मशीनले हात लावानं पह्यले त्याले इचारी लेस. मी चाळीस वर्स व्हयनात, इचारं नही कधी."

"मग आता विचारत जा," मी म्हटलं.

"आते काय इचारू? त्या म्हनतीन, इतला दिन कोठे व्हतास?"

आता हिराभाभीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबलं.

हिराभाभी माझी थोरली जाऊ. शेजारच्याच घरात राहते, भिंतीला भिंत. तिचे मालक, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणायचा, दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा नितीन सुरतला. शेतात केळी, विहिरीवर मोटर, आणि मोटरला ती पेटी, जिला सगळे मोबाइल स्टार्टर म्हणतात. शेतीची वीज आमच्याकडे कधी येईल ते देवाला ठाऊक. पूर्वी माणूस वीज यायची वाट बघत विहिरीवर बसायचा. आता पेटीत सिमकार्ड असतं. वीज आली की पेटी आपोआप मालकाला फोन लावते आणि आतली बाई सांगते, "वीजपुरवठा सुरू झाला आहे. मोटर सुरू करण्यासाठी एक दाबा." घरात बसून एक दाबलं की तिकडं मोटर सुरू.

पेटीत नंबर होता तो आप्पांचा. आप्पा गेले, पण नंबर कुणी बदलला नाही. त्यांचा तो साधा बटणांचा फोन हिराभाभी भिंतीतल्या देवळीत ठेवायची, दर महिन्याला त्यात पैसे भरायची. वीज आली की तो वाजायचा. भाभी हातातलं काम टाकून उठायची, फोन कानाला लावायची, आणि बऱ्याच वेळानं एक दाबायची. मी भिंतीपलीकडून रोज ऐकायचे. एवढंच वाटायचं, म्हातारीला बटणं दिसत नाहीत म्हणून वेळ लागतो.

जानेवारीत युनला मी आमच्या शेतावर नेलं. वाटेत भाभीची विहीर लागते. मोटरच्या खोलीत ती पेटी भिंतीवर. झाकणावर आप्पांनी ऑइलपेंटनं 'श्री' लिहिलेलं, आणि दसऱ्याला शेतातल्या यंत्रांची पूजा करतो त्याचं हळदीकुंकू, थरावर थर. युननं तळहात ठेवला. मग पेचकस काढून झाकण उघडलं. आत हिरवी पाटी, तिच्यावर मुंगीएवढे भाग. ती बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. मी घाबरले. म्हटलं, शॉक बसला की काय.

फोन बोलायला लागला, तो त्याचा थंड बातम्यांचा आवाज. "मी लहान असताना आमच्या गावात लिचीची बाग होती. मग बागेच्या जागी कारखाना झाला. माझी आई त्या कारखान्यात अशा पाट्यांवर कथलाचे डाग देत असे. तिचे डाग गोल असत. दिवसाला किती, ते तिला माहीत नव्हतं. त्या पाट्या कुठे जातात तेही तिला माहीत नव्हतं."

"मग ही तुझ्या आईच्या हातची?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. नाही. कारखाना केव्हाच बंद झाला, आई केव्हाच गेली. पण अशी.

मला कळेना. आईच्या हातची नाही, तर रडायचं कशाला? आणि रडायचंच तर हिरव्या पाटीकडे बघून? पण रडणाऱ्या बाईला असले प्रश्न विचारत नाहीत. मी तिला आमच्या हौदावर नेऊन पाणी पाजलं.

दोन दिवसांनी तिनं विचारलं, ही पेटी मला मिळेल का? बदल्यात नवी, चांगली आणून देईन. हिराभाभी तेव्हा मुलीकडे खांडबाऱ्याला गेली होती, आठ दिवसांसाठी. जाताना त्या मुलीचाच नंबर देऊन गेली होती, कामाचं काही असेल तर लाव म्हणून. मी तो लावला नाही. मला वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे. मी नितीनला सुरतला फोन लावला. तो तर खूशच. "काकी, द्या ना ते जुनं डबडं. नवीन पेटी ॲपवर चालते. मी सुरतहून मोटर चालू करीन. आईची कटकटच मिटली." युन शहाद्याहून नवी पेटी घेऊन आली. दुकानदारानं विचारलं, मालकाचा नंबर कोणता घालू? तिनं मला फोन केला. शेत नितीनच्या नावावर आहे. मी नितीनचा नंबर सांगितला.

मी सांगितला. हे मी लपवत नाही.

युन जुनी पेटी छातीशी धरून आली. गच्चीवर एक पांढरं धुतलेलं कापड अंथरलं, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, आणि पेटी खोलायला बसली. एक एक भाग काढायचा, कापडावर ठेवायचा, शेजारी चिठ्ठी चिकटवायची, चिठ्ठीवर चिनीत बारीक अक्षर. हे कुठल्या गावी झालं, कसल्या हातानं झालं, असं काहीतरी लिहायची. पहिल्या दिवशी कापडाचा एक कोपरा भरला. आठवड्यानं सगळं कापड. रोज संध्याकाळी वरून ताडपत्री टाकायची, सकाळी काढायची. हेच म्हणे तिचं काम. बडोद्याला हे मांडायचं होतं, मोठ्या दालनात, आणि त्यासाठीच ती एवढ्या लांबून आली होती. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की तिला वळसा घालून जायचे. इतका पसारा, इतक्या निगुतीनं. मला राहून राहून वाटायचं, चालती वस्तू मोडून तिचे तुकडे मांडायचे, यात बघायचं काय?

हिराभाभी परत आली. नवी पेटी बसली, आता तुला उठावं लागणार नाही, असं मी तिला हसत सांगितलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच.

मग ती बोलेनाशी झाली. म्हणजे भांडली नाही, रुसली नाही. पण दिवसभर देवळीसमोर बसायला लागली. फोन चार्ज करायची, उघडून बघायची, परत ठेवायची. एकदा फोनच्या दुकानात नेऊन दाखवून आली. दुकानदार म्हणाला, आजी, फोन ठणठणीत आहे. मी विचारलं, "भाभी, कोणाचा फोन यायचाय?" ती म्हणाली, "कोन्हाच नही व. मन्ही सवय." जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणायची. चार दिवसांत तोंड एवढंसं झालं. मी युनला म्हटलं, आमची भाभी आजारी पडणार बहुतेक. युननं विचारलं काय झालं, आणि मला सांगता आलं नाही. मला कुठं माहीत होतं?

फेब्रुवारीत ऊन चढलं तसा मी बिबड्यांचा घाट घातला. ज्वारीच्या पिठाचा चीक शिजवून ओल्या कापडावर थापतात, उन्हात वाळवतात, वर्षभर तळून खातात. गल्लीतल्या चौघी-पाचजणी आल्या. युन सलीमचाचांकडे गेलेली. आम्ही गरम चिकाचं पातेलं घेऊन गच्चीवर चढलो, तर समोर काय? ताडपत्री काढलेली, आणि स्वच्छ पांढरं कापड, कोपऱ्यांवर विटांसकट ताणून ठेवलेलं. वर युनचा बारीकसारीक पसारा.

"अय माय, काकीनी कापड बी टाकी ठेयेल शे," एक म्हणाली.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण चीक थंड झाला की बिबडी फाटते, आणि हातात पातेलं, आणि सगळ्या हसताहेत. मी म्हटलं, जपून सुपात काढा, नंतर परत मांडू. एकीनं सूप आणलं, तळहातानं सगळं लोटून सुपात भरलं. चिठ्ठ्या निघत नव्हत्या, त्या तशाच राहू दिल्या. चिठ्ठ्यांच्या मधे मधे आम्ही बिबड्या थापल्या. शपथेवर सांगते, त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हिराभाभी उशिरा आली. मीच हाका मारून बोलावलं होतं, चार जणींत तिचं मन रमेल म्हणून. ती वर आली, बसायला जागा बघू लागली, आणि सुपाकडे बघून थांबली. सुपातून तिनं झाकण उचललं. त्यावर 'श्री'. त्यावर तिच्याच बोटानं लावलेलं कुंकू.

"हाई तं आमनी मोटरनी पेटी शे," ती म्हणाली. "हिले कोनी उघाडी?"

मी सांगितलं सगळं. नवी पेटी, नितीनचा नंबर. ती झाकणावरून हात फिरवत राहिली.

"म्हंजे आते फोन नितीनले जास?"

"हो भाभी."

"मी समजनू, फोनच मरी गया."

बायकांचं थापणं थांबलं. एकीच्या हातातला चीक हातातच घट्ट झाला. आणि मग भाभी खाली बघून बोलली, इतक्या हळू की आम्ही सगळ्या पुढं वाकलो. आप्पा शेतावरून रोज घरी फोन करायचे, वीज आली की. ते गेले, पण फोन येत राहिला. पेटीतली बाई तेच वाक्य तीनदा सांगते, मधे जरा थांबते. त्या थांबण्यात भाभी आप्पांना सांगायची. आज काय रांधलं. कोण आलं. नितीनचा फोन आला की नाही. तीनदा बाई बोलायची तोवर भाभीचं बोलून व्हायचं, मग ती एक दाबायची.

दोन वर्षं. भिंतीपलीकडं. आणि मी समजत होते की म्हातारीला बटणं दिसत नाहीत.

युन आली तेव्हा आम्ही सगळ्या तशाच बसलेल्या. तिनं कापडाकडे पाहिलं. बिबड्यांच्या ओल्या गोल चकत्या, मधे मधे तिच्या चिठ्ठ्या, कोपऱ्यात सूप. तिचा चेहरा एकदम पांढरा झाला. मी म्हटलं, आता ही ओरडणार, आणि हिचा हक्कच आहे. पण ती आमच्या तोंडाकडे बघत होती. मग फोन माझ्यासमोर धरला. मी भाभीचं सगळं फोनला सांगितलं, तुटक तुटक. फोन चिनीत बोलत गेला. युन ऐकत गेली. शेवटी ती भाभीसमोर उकिडवी बसली, जशी यंत्रासमोर बसायची, आणि काही विचारलं नाही. आल्यापासून पहिल्यांदा तिनं तो प्रश्न विचारला नाही.

मग फोन म्हणाला, "मी आपली क्षमा मागते. मी हे पुन्हा जोडून देईन."

दुसऱ्या दिवसापासून ती आणि सलीमचाचा. चाचांनी दुकान बंद ठेवलं, असं त्यांच्या मुलीच्या लग्नातही झालं नव्हतं. गच्चीवर छत्री लावली. सुपातला एक एक भाग उचलायचा, बघायचा, हिरव्या पाटीवर जागा शोधायची, डाग द्यायचा. युनचे डाग गोल असायचे. मी चहा घेऊन जायचे आणि तोंड चुकवून परत यायचे. तिचं इतक्या दिवसांचं काम मी सुपात भरलं होतं, आणि आता उरलेलं ती स्वतःच्या हातानं परत पेटीत घालत होती. मी एकदा विचारलं, मग बडोद्याला काय दाखवशील? तिनं खांदे उडवले. चाचा म्हणाले, "काकी, आते बोलू नका. हात हालस तिना."

तिसऱ्या दिवशी कळलं, एक भाग नाही. बोलणाऱ्या बाईचा. तिचा आवाज ज्यात असतो तो नखाएवढा तुकडा. आम्ही गच्ची झाडली, सूप झटकलं, वाळलेल्या बिबड्या उलटून पाहिल्या. मी उकिरड्यावर जाऊन बसले तासभर. नाही मिळाला. मग युननं कोटाच्या एका खिशातून एक बारीक माइक काढला आणि त्या जागी जोडला. का, ते मला तेव्हा समजलं नाही.

नितीनला मीच सांगितलं की जुनी पेटी परत बसतेय. तो वैतागला. "काकी, लोक पुढं जाई ऱ्हायनात नि तुम्ही मांगे." मी म्हटलं, "तुझी आई जेवत नाही. आता बोल."

युन आणि चाचा पेटी घेऊन विहिरीवर गेले. मी भाभीजवळ थांबले. अकरा वाजून गेले असतील, देवळीतला फोन वाजला. भाभी उठली. तिनं फोन कानाला लावला. मी तिच्या तोंडाकडे बघतेय. काही नाही. बाई बोलत नाही. मी कान जवळ नेला. नुसतं शांत. मग त्या शांततेत केळीची पानं एकमेकांवर घासल्याचा आवाज, आणि लांब कुठेतरी सातभाई पक्ष्यांचा कलकलाट. शेतातलं सगळं, जसंच्या तसं. पण बाई नाही. म्हटलं, झालं, बिघडलं.

भाभी खूप वेळ ऐकत होती. नेहमी पेटी तीनदा सांगून फोन बंद करायची, आता तोही बंद होईना. मग तिनं एक दाबलं. तिकडं मोटर घुरघुरली, आणि हौदात पाणी पडायला लागलं. धो धो. आम्हाला इथं फोनमधून ऐकू येत होतं.

युन धावत आली, धापा टाकत. फोनमधून घाईघाईनं सांगायला लागली. आवाजाचा भाग हरवला, मी नवा बसवून देईन, मराठीत, अहिराणीत, जसा हवा तसा. मग ती थांबली. आणि जरा चाचरत, आप्पांचा आवाज कुणाच्या मोबाइलमध्ये असेल, एखाद्या लग्नाच्या व्हिडिओत, तर तोही घालता येईल, असं म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला. चांगला की वाईट, ते मला आजही सांगता येणार नाही. होता ना व्हिडिओ, नितीनच्या लग्नातला. आप्पा त्यात म्हणतात, "जेवीसनी जा बरं." मी भाभीकडे पाहिलं.

भाभी म्हणाली, "नको. तिले सांग, ऱ्हाऊ दे असंच." आणि मग, "ते बी असाच करेत व. फोन लावेत नि उभा ऱ्हायेत. बोलनं काही नही. मी बोलू नि ते आयकेत."

हे मी फोनला सांगितलं. फोननं युनला सांगितलं. काय सांगितलं असेल, त्याच्या त्या शुद्ध भाषेत, कुणास ठाऊक. युन भिंतीला टेकून खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

होळीच्या आधी ती गेली. ते पांढरं कापड घडी करून घेऊन गेली, बिबड्यांच्या डागांसकट, नुसत्या चिठ्ठ्या चिकटवलेलं. मी धुऊन देते म्हटलं तर नको म्हणाली. माझी मुलगी नंतर बडोद्याला ते बघून आली. सांगत होती, मोठ्या भिंतीवर ते कापड टांगलं होतं, गोल गोल डाग, शेजारी चिठ्ठ्या, आणि ज्याच्या त्या चिठ्ठ्या ते काहीच नाही. लोक समोर उभे राहून गप्प बघत होते म्हणे. मी विचारलं, काय बघत होते? मुलगी म्हणाली, "आई, ते मलाही नाही सांगता येणार." म्हणजे शिकलेल्यांचंही तेच. जरा धीर आला.

नंदुरबार स्टेशनवर तिला सोडायला मी आणि हिराभाभी गेलो होतो. भाभीनं बिबड्यांचा डबा दिला, तो कोटाच्या कुठल्याच खिशात मावेना. सुरतेकडची गाडी यायची होती. त्या आठवड्यात वीज सकाळची होती. आम्ही बाकावर बसलेल्या, आणि भाभीच्या पिशवीतला फोन वाजला.

भाभीनं तो काढला, कानाला लावला, जरा वेळ ऐकलं. मग काय तिच्या मनात आलं, तिनं फोन युनच्या कानाला लावला. युननं डोळे मिटले. फलाटावर हमाल, चहावाले, गाडीची घोषणा, आणि ही मधे उभी, दुसऱ्या कानावर तळहात दाबून. भाभीनं तिचा अंगठा धरला आणि एकच्या बटणावर नेऊन ठेवला. ते बटण भाभीनं दोन वर्षांत कुणाला दाबू दिलं नव्हतं, मला नाही, नितीनला नाही.

युननं दाबलं. गाडी फलाटाला लागली तरी ती ऐकत होती. मी तिची बॅग आत ठेवली, तिला दंडाला धरून डब्यात चढवलं. गाडी हलली तेव्हा दारातून वाकून तिनं फोन भाभीच्या हातात दिला, आणि तोंडानं काहीतरी म्हणाली, चिनीत, फोनशिवाय.

भाभीनं फोन कानाला लावला. गाडी लांब जाईपर्यंत लावून ठेवला.

"काय म्हनत व्हती?" तिनं मला विचारलं.

"मला काय कळतंय," मी म्हटलं. "चालू आहे का?"

"चालू शे," ती म्हणाली. "पानी पडी ऱ्हायनं."